नाश्त्यानंतर शुगर किती चढते, हे घरी कसं तपासावं

कुणाला शुगर निघाली की सांगलीत सल्ल्यांना तोटा नसतो. पोहे बंद करा, साखरेऐवजी गूळ घाला, नाचणी कितीही चालते. सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्या माणसाच्या बोटाला सुई लावून बघितलेली नसते. आमच्या घरी सासूबाईंना आणि यांना, दोघांनाही शुगर आहे आणि मोजायचं खातं माझ्याकडे. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. अकराच्या पुढे डोळे मिटायला लागले तर शेतकऱ्याच्या पट्टीत क्विंटलचे आकडे इकडचे तिकडे व्हायचे, म्हणून अधूनमधून स्वतःचीही बघते.

ग्लुकोमीटर, मुदतीतल्या स्ट्रिप आणि एक वही एवढं घेऊन बसा.

१. उपाशीपोटी मोजा. उठल्यावर, चहाच्या आधी. १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. १२६ किंवा जास्त दिसली तर लॅबमध्ये रक्त देऊन डॉक्टरांना दाखवा, घरच्या मीटरवर निदान होत नसतं. रात्री हलकं जेवूनही सकाळी आकडा जास्त आला तर रात्रीच्या भाकरीला बोल लावू नका. पहाटे शरीरातली कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर रक्तात सोडतं. शुगर असलेल्या बऱ्याच जणांना दुपारच्या जेवणापेक्षा सकाळचा नाश्ता जास्त चढतो, त्याचंही हे एक कारण.

२. रोजचाच नाश्ता करा. मोजायचंय म्हणून त्या दिवशी शहाण्यासारखं खाऊ नका. फक्त कोरडे पोहे एकदा वजनकाट्यावर घाला. ६० ग्रॅम पोह्यांत साधारण ४५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि प्रथिनं जेमतेम चार ग्रॅम. चहातली दोन चमचे साखर म्हणजे वर आणखी दहा ग्रॅम.

३. दोन तासांनी मोजा. वाचायला सोपं आहे, पण सगळा घोळ इथेच होतो. दोन तास कधीपासून? पहिल्या घासापासून. ताट उचलल्यापासून नाही आणि हात धुतल्यापासूनही नाही. आता आपल्या घरातला पहिला घास शोधून दाखवा. साडेसहाला चहा-बिस्किट, साडेआठला पोहे, मधे डब्याची तयारी करताना मूठभर शेंगदाणे, नऊला शेजारच्या काकू आल्या की परत अर्धा कप. मीटरवर आलेला आकडा यातल्या कशाचा म्हणायचा? आमच्याकडे हे फार दिवस चाललं. सासूबाईंचा आकडा एक दिवस १६०, दुसऱ्या दिवशी २१०, आणि पोहे तेच. विचारलं तर म्हणायच्या, "अगं, चहाला काय खाणं म्हणतात का!"

म्हणून मोजायच्या दिवशी चहा नाश्त्याबरोबरच घ्यायचा, एका बैठकीत सगळं उरकायचं आणि पुढचे दोन तास फक्त पाणी. गोळ्या रोजच्या वेळेलाच. एरवी चालत नसाल तर त्याच दिवशी आमराईत फेऱ्या मारायला जाऊ नका, नाहीतर पोह्यांचा आकडा कळायचाच नाही.

हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. बेदाणे निवडलेल्या किंवा द्राक्षं सोललेल्या बोटाचं रक्त घेतलं तर त्यावरची साखर मीटर तुमच्या खात्यावर मांडतं, आणि सॅनिटायझरने ती नीट जात नाही. तासगावकडच्या मंडळींनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. सुई बोटाच्या कडेला टोचा, मधोमध दुखतं. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसू नका, हात खाली सोडून जरा झटका.

आकड्यावर जीवही टाकू नका. चांगल्या मीटरमध्येही पंधरा टक्क्यांचा फरक चालवून घेतात, म्हणजे खरी १५० असेल तर १२८ ही दिसेल नि १७२ ही. आठ-दहाच्या फरकावरून "नाचणीने उतरली बघा" म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही. तोच नाश्ता, तीन वेगवेगळे दिवस, मग बोला.

शुगर नसलेल्याची दोन तासांनी १४० च्या आत असावी. शुगर असलेल्यांना साधारण १८० च्या आत सांगतात, पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. वहीत आकड्याच्या शेजारी अकरा वाजता भूक, झोप, चिडचिड कशी होती तेही लिहा. झपकन चढलेली शुगर इन्सुलिन खाली ओढतं, कधी होती त्याच्याही खाली, आणि मग डुलक्या नि खा-खा सुरू होते. रात्री पाचच तास झोपला असाल तर मात्र पोह्यांना दोष देऊ नका.

४. एका वेळी एकच बदल करा. आमच्याकडे लागू पडलं ते असं: पोहे निम्मे, बरोबर वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी, आणि उसळ आधी संपवायची, पोहे नंतर. नंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं हा पुढचा बदल, तो वेगळा मोजा. गुळाचं म्हणाल तर कारखान्यात जातो तोच ऊस गुऱ्हाळात जातो. गुळातही मुख्यतः साखरच असते, शुगरच्या हिशेबात त्याला सूट नाही. नाचणीची भाकरी आणि नाचणीची पातळ लापशी यांतही फरक पडतो, लापशी लवकर पचते आणि लवकर चढते. भडंग म्हणजे फुगवलेला तांदूळच, मूठभर खा आणि डबा बंद करा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर चौथी पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. औषध तेवढंच आणि नाश्ता निम्मा झाला तर शुगर एकदम उतरते. हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. ७० च्या वर आली की खायला द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.