रबाळ्याला विंडोज ७ टाकायला निघण्याआधी

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या वर्कशॉपांत विंडोज ७ वरच चालणारी मशिनं अजून आहेत. जुना पीसी बसला की मालक नवा घेतात आणि त्यावर विंडोज ७ टाकायला आपल्याला बोलावतात. तेव्हा घरून निघण्याआधीच मदरबोर्डचा फोटो मागवा, म्हणजे तो कधीचा ते कळेल. २०१५ साली आलेल्या इंटेलच्या १०० सिरीजपासून चिपसेटमधला ईएचसीआय, म्हणजे यूएसबी २.० चालवणारा जुना कंट्रोलर गेला, उरला फक्त यूएसबी ३.० वाला एक्सएचसीआय. २००९ च्या विंडोज ७ च्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. म्हणून बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) कीबोर्ड नीट चालतो, पेनड्राइव्हवरून बूटही होतं, आणि भाषा निवडायच्या स्क्रीनवर येताच माऊसचा बाण जागीच थिजतो. गेल्या पावसाळ्यात मी अशा स्क्रीनसमोर दोन तास पोर्ट बदलत बसलो होतो. पोर्टाचा काही दोष नव्हता. ‘सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही’ असा मेसेज आला तरी सीडी शोधू नका. बहुतेक वेळा सेटअपला पेनड्राइव्हच दिसत नसतो. बोर्ड त्याआधीचा असेल तर पेनड्राइव्ह निळ्या (यूएसबी ३.०) पोर्टातून काढून काळ्यात (यूएसबी २.०) लावा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

पिशवीत गोल पिनचा, यूएसबीविना चालणारा पीएस/टू कीबोर्ड हवाच, अर्थात बोर्डावर तो पोर्ट असेल तर. पीसी बंद असतानाच तो जोडा. ऐनवेळी तो आणायला मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. साटा, म्हणजे यूएसबीऐवजी थेट मदरबोर्डला जोडायचा, डीव्हीडी रायटर आणि केबलही घ्या.

खरं काम मात्र पेनड्राइव्हचं, आणि ते आदल्या रात्री घरीच करा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून यूएसबी ३.० चा ड्रायव्हर उतरवा, ६४ बिटला ६४ बिटचाच, आणि डिझम ही विंडोजचीच कमांड वापरून पेनड्राइव्हवरच्या सेटअपच्या इमेज फाइलींत घाला: बूट डॉट विमच्या (सेटअप चालवणारी फाइल) दुसऱ्या इंडेक्समध्ये, आणि इन्स्टॉल डॉट विममध्ये (प्रत्यक्ष विंडोज असलेली फाइल) तुम्ही टाकणार त्या एडिशनला. दुसरी फाइल पुष्कळजण विसरतात. मग इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडतं, पीसी रीस्टार्ट होतो, नाव टाइप करायची चौकट समोर येते आणि एकही अक्षर उमटत नाही! लॅनचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर ठेवा.

बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) चालू. बोर्डात सीएसएमच नसेल, तर विंडोज ७ चं जमणं कठीण आहे असं मालकांना फोनवरच सांगून टाका. जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका, मशीनची सेटिंग्ज तिच्यातच असतात. काम झालं की लॅनची वायर काढून ठेवायला सांगा. कारण विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच संपले.