खोलीचा वापर नियमांच्या दृष्टीने कोणता, हे कसे ठरवावे

दिल्लीतील ओल्ड राजिंदरनगर भागात 27 जुलै 2024 रोजी तळघरात पाणी शिरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी मरण पावले. त्या तळघराला परवानगी साठवणूक व पार्किंगची होती आणि प्रत्यक्षात तेथे अभ्यासिका चालत होती. पुण्याच्या पेठांमध्येही राहत्या सदनिकांत अभ्यासिका चालतात, म्हणून उदाहरण तिचेच घेऊ.

प्रथम मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळवून त्या जागेचा कोणता वापर नोंदलेला आहे ते पाहावे. त्यानंतर नोंद बाजूला ठेवून जागेचे निरीक्षण करावे. एका वेळी किती माणसे असतात, किती तास बसतात, रात्री कोणी झोपते का, हे गर्दीच्या वेळी स्वतः मोजून लिहावे. दारावरच्या पाटीने किंवा भाडेकरारातील शब्दाने वर्गीकरण ठरत नाही.

आता गट ठरवावा. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 (भारतीय मानक ब्यूरोचा इमारतींविषयीचा मार्गदर्शक ग्रंथ) मध्ये निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, संमेलन, कार्यालयीन, व्यापारी, औद्योगिक, साठवणूक आणि धोकादायक असे नऊ गट आहेत. किमान 20 विद्यार्थी शिक्षणासाठी जमतात ती जागा शैक्षणिक गटाकडे जाते. मुख्य वापराला पूरक असलेला किरकोळ वापर मात्र मुख्य गटातच धरला जातो. त्यामुळे शिक्षिकेने घरच्या दिवाणखान्यात चार मुलांची शिकवणी घेतली, तर माझ्या मते ते घरच राहते. कुटुंब तेथे राहतच नसेल आणि सर्व खोल्यांत टेबले मांडलेली असतील, तर पूरक वापराचा हा आधार उरत नाही.

पुढची पायरी माणसांच्या हिशेबाची आहे, आणि वर्गीकरणाला एवढे महत्त्व का, हे येथेच कळते. संहिता निवासी वापरात माणशी 12.5 चौरस मीटर आणि शैक्षणिक वापरात 4 चौरस मीटर धरते. म्हणजे 60 चौरस मीटरच्या सदनिकेत निवासी हिशेबाने पाच माणसे येतात, तर शैक्षणिक हिशेबाने पंधरा. प्रत्यक्षात तेथे चाळीस जण बसत असतील, तर चाळीसच धरावे लागतात, कारण प्रत्यक्ष संख्या आणि हिशेबाची संख्या यांपैकी मोठी असेल तीच घ्यायची असते. पाच माणसांसाठी आखलेल्या दारातून आणि जिन्यातून चाळीस मुले धुरात बाहेर पडू शकतील का, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

खोली माणसांनी दीर्घकाळ बसण्यायोग्य आहे का, हेही तपासावे. संहितेच्या व्याख्येत राहण्यायोग्य खोलीच्या वापरांत अभ्यासाचाही उल्लेख आहे. तळघर, माळा आणि येण्याजाण्याची मार्गिका मात्र त्या व्याख्येबाहेर राहतात.

संहिता स्वतः बंधनकारक नसते, तिच्यातील तरतुदी स्थानिक नियमांतून लागू होतात. म्हणून शेवटी मुंबईत 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034' (2034 हे विकास आराखड्याचे लक्ष्यवर्ष), तर महाराष्ट्राच्या बहुतेक इतर भागांत 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली पाहावी. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार वापरातील लक्षणीय बदल हाही 'विकास' ठरतो. नोंदलेला आणि प्रत्यक्ष वापर जुळत नसल्यास परवानाधारक वास्तुविशारदामार्फत वापर बदलाचा अर्ज करावा, त्याच्या नकाशावर प्रत्येक टेबल, दार व जिन्याची रुंदी दाखवावी आणि मंजुरी येईपर्यंत तेथे विद्यार्थी बसवू नयेत.