उपवासाला खरंच हलकं खायचंय? मग असं करा

"साबुदाणा पचायला हलका," असं आमच्या सासूबाई ठासून सांगतात. आता बघा, साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी, प्रथिनं मात्र एक ग्रॅमही नाहीत. वर बटाटा आणि सढळ हाताने तूप. हलकं कुठलं!

खिचडी सोडू नका, सोडवणारही नाही. फक्त माप बदला: एक वाटी भिजलेल्या साबुदाण्याला अर्धी वाटी दाण्याचं कूट. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात. कूट जाडसर ठेवा, साबुदाण्याला हलक्या हाताने चोळा आणि मगच परता. ओल शोषली जाते, गोळा होत नाही. सोबत वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर. रात्री परत खिचडी नको. वरईचा भात आणि दाण्याची आमटी करा, नाहीतर राजगिऱ्याची भाकरी.

मधुमेह असेल तर साबुदाणा बेतानेच, त्याने साखर भरभर चढते. गोडाला गूळ घातला म्हणून सुटका नाही, तोही मुख्यतः साखरच. सैंधवाचंही तेच: रक्तदाबवाल्यांनी ते मीठच समजून चिमटीने घालावं. गोळ्या चालू असतील तर निर्जळीआधी डॉक्टरांना विचारा, शेजारच्या काकूंना नव्हे.