जुन्या गोव्याहून दिवाडीमार्गे नार्व्याला: गटाने पायी जाताना

जुन्या गोव्यात उतरायचे, बॉम जेझुस आणि से कॅथेड्रल पाहायचे आणि तासाभरात पुन्हा गाडीत बसायचे, असाच बहुतेक सहलींचा क्रम असतो. ज्यांना हा परिसर खरोखर समजून घ्यायचा आहे, त्यांनी अर्धा दिवस राखून ठेवावा, मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर जावे आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाकडून पुन्हा फेरीबोटीने डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला उतरावे. या वाटेवर जुनी चर्च आहेत, खारफुटीचे जंगल आहे, दोनदा नदी ओलांडायची आहे आणि शेवटी श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. दिशा मात्र हीच ठेवावी, कारण सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवर होते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडल्यावर देव नदीपार गेला, आणि आपणही त्याच बाजूने चालत जातो.

गट बारा ते पंधरा जणांचा असावा. त्याहून मोठा गट चर्चच्या आत गेला की प्रार्थनेला बसलेल्यांना त्याचा त्रास होतो आणि अरुंद बांधावर त्याची लांबलचक रांग होते. वाट ठाऊक असलेल्या दोघांपैकी एकाने पुढे आणि एकाने सर्वांत शेवटी चालावे. त्यातला अधिक अनुभवी माणूस शेवटी ठेवावा, कारण थकवा, मुरगळलेला पाय किंवा उन्हाचा त्रास नेहमी मागेच कळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे. तरीही 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते आणि त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची विशेष प्रार्थना, चालते. तेव्हा भाविकांची अफाट गर्दी होते, म्हणून ते दिवस आणि एकूणच रविवारची सकाळ टाळावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालण्याची सूचना निघण्याआधीच सर्वांना द्यावी.

सुरुवात सकाळी लवकर पश्चिमेकडच्या टेकडीवर, म्हणजे मोंते सांतोवर करावी. तिथे संत ऑगस्टीनच्या चर्चचे अवशेष आहेत. चार मनोऱ्यांपैकी जांभ्या दगडाचा एकच मनोरा आज उभा आहे आणि तो 46 मीटर उंच होता. धर्मसंघांवर बंदी आल्यावर 1835 मध्ये ही वास्तू ओस पडली, 1842 मध्ये छताची कमान कोसळली आणि 1931 मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा काही भाग ढासळला. भूमीवरच्या कोरीव थडगेशिळांवर पाय देऊ नये. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये इराणात मारली गेली. तिचे अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी इथे आणले होते, ते उत्खननात सापडले आणि भारताने 2021 मध्ये जॉर्जियाला दिले. इतिहासातल्या अशा एका गोष्टीपाशी गटाने पाच मिनिटे शांतपणे थांबावे, असे मला मनापासून वाटते. जवळच आवर लेडी ऑफ द रोझरीचे साधे, गोलाकार बुरूजवजा चर्च आहे. 1510 मध्ये गोवा जिंकून घेणाऱ्या लढाईचे पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने याच टेकडीवरून निरीक्षण केले, असे सांगतात. अंगणातून मांडवी आणि पलीकडचे दिवाडी बेट दिसते. पुढची वाट गटाला इथूनच दाखवावी.

टेकडी उतरून बॉम जेझुसकडे यावे. 1605 मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चच्या दर्शनी भिंतीजवळ जाऊन दगड पाहावा. तांबडा, सच्छिद्र जांभा आणि त्यावर वसईहून आणलेल्या काळ्या बेसाल्टचे कोरीवकाम यांतला फरक हात न लावताही कळतो. बाहेरचा गिलावा विसाव्या शतकात काढल्यामुळे आतला जांभा पावसाला उघडा पडला आणि त्याच्या रक्षणाचा प्रश्न आजही कायम आहे. से कॅथेड्रल आणि संत काजेतान ही चर्च वाटेतच आहेत. तिथे थोडा वेळ पुरे. व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेले की फेरीधक्का येतो.

पायी जाणाऱ्यांना फेरीबोटीत तिकीट लागत नाही. गट एकत्र चढवावा, कठड्याला टेकू देऊ नये आणि बोट धक्क्याला पूर्ण लागेपर्यंत कुणालाही उतरू देऊ नये. पलीकडे सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना खाजण शेती आहे. या वाटेवर घाई करू नये. खाजण म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. बांधात बसवलेल्या मानशीचे, म्हणजे पाण्याच्या झडपेचे, लाकडी दार ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरती चढू लागली की नदीच्या दाबाने बंद होते. कोरगूट हा क्षार सोसणारा भात अशाच शेतांत होतो. खारफुटीच्या मुळांशी ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो. तिथे निवट्या मासे उड्या मारताना आणि एकच मोठी नांगी असलेले नर खेकडे ती वरखाली हलवताना दिसतात. म्हणून निघण्याआधी ओहोटीची वेळ पाहून ठेवावी. बांधावरून चालायचे असल्यास शेतमालकाची परवानगी घ्यावी.

पिएदाद हे गाव बेटावरच्या टेकडीवर आहे. चढावर आंबा, फणस, काजू यांची सावली मिळते. वर पिएदादचे चर्च आहे, आणि शेजारच्या दफनभूमीतले छोटे चॅपेल गोव्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या काळातल्या देवळाचा भाग होते, असे मानले जाते. त्याचे कोरीव छत आवर्जून पाहावे. जेवण इथेच करावे, कारण पुढे दुकाने विरळ आहेत. माणशी दोन लिटर पाणी आधीच बरोबर असावे.

पिएदादहून पूर्वेकडे चालत बेटाच्या टोकाला बेटावरचे नार्वे (पलीकडच्या गावाचे नावही हेच) आणि सप्तकोटेश्वराच्या मूळ स्थानाचा, म्हणजे कोटितीर्थाचा, परिसर लागतो. तिथून फेरीने डिचोलीच्या बाजूला उतरावे. या फेरीच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्याव्यात, नाहीतर धक्क्यावर बराच काळ थांबावे लागते. कदंबांचे दैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे आजचे देऊळ पलीकडच्या नार्व्यात आहे. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. पादत्राणे बाहेर काढावीत, चर्चमध्ये पाळलेली शांतता इथेही पाळावी. परतीसाठी गाडी नार्व्याच्या बाजूलाच उभी राहील अशी व्यवस्था आधी करावी. ती न झाल्यास डिचोलीकडे जाणारे वाहन किंवा जुन्या गोव्याच्या दिशेची परतीची फेरी अंधार पडण्यापूर्वी गाठावी.