खानदेशच्या उन्हात सुटे भाग धुण्याची टाकी
घरच्या वर्कशॉपमध्ये रॉकेलची टाकी बसवणाऱ्याने आधी उन्हाळा लक्षात घ्यावा, कारण साधारण ४० अंशांच्या आसपास रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी दाट होते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पत्र्याची शेड त्याहून जास्त तापते. म्हणून टाकी घट्ट झाकणाची, लोखंडी पत्र्याची असावी, ती वेल्डिंगपासून दूर, हवेशीर सावलीत ठेवावी आणि धुण्याचे काम सकाळी लवकरच उरकावे. पेट्रोल कधीही वापरू नये. तळापासून चार बोटे वर जाळी बसवली, की ट्रॅक्टरच्या हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) सुटलेली, ग्रीसमध्ये मळलेली काळी माती खाली बसते आणि वरचे नितळ रॉकेल अलगद काढून, सुती कापडातून गाळून पुन्हा वापरता येते. उरलेला गाळ गटारात किंवा शेताच्या बांधावर मुळीच ओतू नये.