तंजावरचे मोडी कागद आणि घरातलं दप्तर : या चुका टाळा

मोडी शिकून मला दोन वर्षं झाली होती. तंजावरकडच्या एका मराठी घराण्यातल्या हिशेबाची छायाप्रत समोर होती आणि त्यात लिहिलं होतं, 'कलम ५॥'. मी लिप्यंतर केलं : 'कलम पाचवे', आणि त्यापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे पूर्णविरामाचा दंड. पुढच्या ओळीत 'कलम ३।', त्याच्या पुढे 'कलम ७'. क्रम काही लागेना. लेखनिकाने कलमं उलटसुलट लिहिली असावीत, असं समजून मी तशी टीपही जोडली. त्या घरातल्या आजींना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, ते भाताचं माप आहे. आमच्याकडे भात कलमावर मोजत."

तमिळ मुलखात बारा मरक्काल (धान्याचं लहान माप) म्हणजे एक कलम. आणि ॥ म्हणजे अर्धा. साडेपाच कलम, सव्वातीन कलम, सात कलम. हिशेब अगदी चोख होता. मी एकही अक्षर चुकीचं वाचलं नव्हतं, तरी कागद मात्र पूर्ण चुकीचा वाचला होता.

तेव्हापासून तंजावरचे कागद वाचताना लोक कुठे अडतात, हे मी लक्षात ठेवत आले. पुण्यात, चेन्नईत, बेंगळुरूत, अमेरिकेत राहणारी, तंजावर मराठी मूळ असलेली कुटुंबं आता आपले कागद शोधू लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

व्यंकोजीराजांपासून, म्हणजे १६७६च्या सुमारापासून, १८५५पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. कावेरीच्या खोऱ्यात दरबारी कारभार मराठीत आणि मोडीत चाले. त्या कारभाराचे कागद आणि राजघराण्याने जमवलेल्या पोथ्या यांचा मोठा ठेवा तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. दुसरे सरफोजीराजे (१७९८–१८३२) काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही त्यांनी पोथ्या आणल्या. १९१८मध्ये हा राजवाड्यातला संग्रह सार्वजनिक ग्रंथालय झाला. पुढे तिथल्या काही विद्वान घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या पोथ्याही याच ग्रंथालयाला दिल्या.

पोथीच्या सूचीत दप्तर शोधणं

सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो. ए. सी. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली सूची १८८०मध्ये छापून झाली, नंतरही सूचींचे बरेच खंड निघाले. माणूस त्या सूची उघडतो, आपल्या पणजोबांचं नाव शोधतो, सापडत नाही, आणि "आमचं तिथे काही नाही" असं ठरवून मोकळा होतो. पण बर्नेलची सूची संस्कृत पोथ्यांची आहे. पोथी ग्रंथनामावर आणि कर्त्यावर लावलेली असते. मोडी दप्तर ही कचेरीची कागदपत्रं आहेत. ती रुमालात, म्हणजे कापडाच्या गाठोड्यात, बांधलेली असतात आणि रुमालाच्या क्रमांकाने ओळखली जातात. तुमचे पूर्वज कवी असतील तर पोथ्यांच्या सूचीत भेटतील. छत्रावरचे (धर्मशाळेवरचे) कारकून, मोजणीदार किंवा वैद्य असतील तर दप्तरातच शोधावं लागेल. तिथेही नावापेक्षा खात्यावरून आणि गावावरून शोध लवकर लागतो.

आडनावाचा हट्टही सोडा. तमिळ मुलखात स्थिरावलेल्या कित्येक मराठी घरांनी आडनाव लावणं सोडून दिलं. नावापुढे 'राव' राहिलं, शेजारीपाजारी 'रायर' म्हणू लागले, आणि पुढच्या पिढ्या वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावू लागल्या. म्हणून शोध घेण्याआधी घरातून तीन गोष्टी काढून घ्या : गाव, हुद्दा, आणि आजोबा-पणजोबांच्या नावांची जोडी.

गावाच्या बाबतीतही एक खोच आहे. जुन्या मराठी कागदांत तंजावर 'चंदावर' किंवा 'चंजावर' असं येतं. जिंजी 'चंदी' होते. राजांच्या आणि राण्यांच्या नावाने वसवलेली गावं तर आज दुसऱ्याच नावाने नकाशावर आहेत. तिरुविसनल्लूर म्हणजे व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी विद्वानांना दिलेलं शाहजीराजपुरम, आणि ओरतनाडू म्हणजे मुक्तांबाळपुरम. नकाशातलं नाव कागदात नाही म्हणून निराश होऊ नका.

शिवाय सगळे कागद एकाच छताखाली आहेत, असंही धरून चालू नका. कंपनी सरकारचा तंजावरबद्दलचा पत्रव्यवहार चेन्नईच्या तमिळनाडू अभिलेखागारात पाहावा लागतो. कॉलिन मॅकेंझीने दक्षिणेत जमवलेल्या कैफियती (गावोगावच्या लेखी हकिकती) आणि हस्तलिखितांचा एक भाग चेन्नईच्याच शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहे. तंजावरच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला १६२० ते १८४५ डेन्मार्कची वखार होती, त्यामुळे तंजावर दरबाराची काही मोडी पत्रं थेट कोपनहेगनला पोचली. मला स्वतःला ही गोष्ट फार हलवून जाते. कावेरीकाठच्या कारकुनाचं मराठी अक्षर बाल्टिक समुद्राजवळ जपून ठेवलं आहे.

तारीख : सगळ्यात महाग पडणारी चूक

एका कुटुंबाकडे 'शिवाजी महाराज' असं नाव असलेला इनामाचा कागद होता. पिढ्यान्‌पिढ्या तो छत्रपती शिवरायांचा समजून देव्हाऱ्यात पूजला जात होता. कागद खरा होता, पण तो तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी यांच्या काळातला निघाला, म्हणजे १८३२ ते १८५५मधला. त्या घरात किती वेळ कोणी बोललं नाही, ते मी विसरलेली नाही. म्हणून नावावरून काळ ठरवू नका. तंजावरच्या गादीवर नावं पुन्हा पुन्हा येतात. सरफोजी दोन झाले. तेही कुठे शरभोजी, कुठे सरफोजी असे लिहिले जातात. व्यंकोजींच्या वडिलांचं नाव शहाजी, आणि १६८४ ते १७१२ राज्य करणाऱ्या त्यांच्या मुलाचं नावही शहाजीच. काळ ठरवायचा तो तारखेवरून.

आणि तारीखच तर अवघड असते. 'सु॥ खमस तिसैन मया व अलफ' अशी ओळ दिसली तर ती सुहूर सनाची, आकडे अरबी शब्दांत. खमस पाच, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार : बेरीज ११९५. हा सन मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरच्या तारखेला ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हा सन १७९४–९५चा. 'मया'च्या जागी 'मयातैन' असेल तर ते दोनशे. घाईत हा शब्द अर्धाच वाचला की शंभर वर्षांचा फरक पडतो.

याच कागदावर 'छ १० रबिलावल' असंही असतं. हा 'छ' काही नावाचं आद्याक्षर नव्हे. तो चंद्राची, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख दाखवतो. महिना मुसलमानी आहे म्हणून सनही हिजरी समजून आकडेमोड करणारे मी बरेच पाहिले आहेत. महिना चांद्र आणि सन सुहूर, अशी ती जोडी आहे. नेमका दिवस हवा असेल तर जंत्रीशिवाय, म्हणजे जुन्या तारखांचा इंग्रजी तारखांशी मेळ देणाऱ्या पुस्तकाशिवाय, पर्याय नाही.

महसुलाच्या कागदात फसली सन येतो. मद्रासकडच्या फसलीत ५९० मिळवायचे, आणि वर्ष जुलैत सुरू होतं हे ध्यानात ठेवायचं. उत्तर हिंदुस्थानच्या फसलीचे ५९२-९३ इथे वापरले की जमिनीच्या व्यवहारात बाप मुलाच्या नंतर येतो. नुसतं संवत्सराचं नाव असेल तर साठ वर्षांचं चक्र लक्षात घ्या. 'रुधिरोद्गारी' हे १७४३ला होतं, १८०३ला होतं आणि १८६३लाही. यातल्या पहिल्या साली प्रतापसिंह गादीवर होते, दुसऱ्या साली सरफोजी, आणि तिसऱ्या साली राज्यच नव्हतं. तेव्हा मजकुरातला दुसरा एखादा धागा पकडल्याशिवाय सन लिहू नका. तमिळ वर्ष एप्रिलच्या मध्याला मेष संक्रांतीला बदलतं आणि आपलं पाडव्याला. या दोन दिवसांच्या मधली तारीख असेल तर लेखनिक कुठलं वर्ष धरतो ते पाहा.

शेवटची अडचण म्हणजे एकाच पत्रावर दोन तारखा. मजकुराखालची तारीख लिहिल्याची, आणि पाठीवर किंवा समासात 'पैवस्त' म्हणून असते ती पोचल्याची. दोन्ही टिपून ठेवा.

संक्षेप, मापं, नाणी

मोडीत ॥ ही खूण दोन कामं करते. अक्षराला जोडून आली तर शब्द आखडलेला असतो : 'रा॥' म्हणजे राजश्री. 'ता॥' कुठे तर्फ, कुठे तालुका. आकड्याला जोडून आली तर अर्धा. एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण. रक्कम दिसली की ती रुपयेच असणार, असंही समजू नका. तंजावरकडे चक्रम, होन, पणम अशी नाणी चालत, आणि त्यांचे भाव सारखे बदलत. कागदात जे नाणं असेल तेच लिप्यंतरात ठेवा, आजच्या रुपयात रूपांतर करण्याच्या मोहात पडू नका. 'छत्र' म्हणजे इथे वाटसरूंची धर्मशाळा आणि अन्नछत्र. 'छत्राकडे' तांदूळ गेले, असं वाचून छत्रीचा विचार मनात आला तर थांबा आणि पूर्ण वाक्य पुन्हा वाचा.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडलेले नसतात. म्हणून लिप्यंतर दोनदा करा. एकदा जसं दिसतं तसं, आणि खाली वेगळ्या ओळीत तुम्हाला लागलेला अर्थ. जिथे शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह ठेवायला लाजू नका. तुमच्या अंदाजाने भरलेला शब्द पुढचा माणूस मूळ समजून वापरतो.

शिलालेख म्हणजे निकाल नव्हे

बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा १८०३चा भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहताना ऊर भरून येतो. घराण्याचा एवढा मोठा इतिहास दगडात कोरलेला आहे. पण तो सरफोजीराजांच्या दरबाराने कोरवला आहे. सरफोजी हे तुळजाराजांचे दत्तक, १७८७ला गादी गेली तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे, आणि ती सरफोजींना मिळेपर्यंत अकरा वर्षं गेली. इतक्या भांडणानंतर लिहिलेला इतिहास कोणाची बाजू मांडतो, हे ओळखूनच वाचावा लागतो. घरातल्या वंशावळीचंही तेच. इनामाच्या तंट्यासाठी काढलेल्या वंशावळीतून एखादी शाखा गायब असते आणि मुली तर बहुधा नसतातच. गळलेली नावं शोधायला जमाखर्च बघा. लग्नाचा आहेर, श्राद्धाचा खर्च, विधवेची नेमणूक (ठरावीक तनखा), यांत बायकांची नावं मिळतात.

घरचं दप्तर उघडताना

कृपा करून रुमाल सोडला की लगेच कागद तारीखवार लावायला बसू नका. जे कागद एकत्र बांधलेले आहेत ते कोणत्या तरी कारणाने एकत्र आहेत. आधी आहे त्या क्रमाने पेन्सिलीने हलके क्रमांक घाला, पाठपोट फोटो घ्या, मग हवी तशी यादी करा. फोटोला फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. कोरी दिसणारी पाठही सोडू नका. लांब कागद जोडून केलेला असेल तर जोडाचा वेगळा फोटो घ्या, तिथे अक्षरं दोन तुकड्यांवर पसरलेली असतात.

ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. काजळाची शाई पाण्याने उतरते आणि जी ओळ दोनशे वर्षं टिकली ती दोन सेकंदांत जाते. अक्षरांवर बारीक कण चमकत असतील तर ती शाई वाळवायला टाकलेली वाळू असते. खरवडली तर वाळूबरोबर शाईही निघते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली असेल तर ती ओढून काढू नका, संवर्धकाकडे न्या, आणि नवी तर मुळीच लावू नका. लॅमिनेशन करून आणलेले कागद पाहिले की माझा जीव तुटतो, कारण उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक सुखरूप काढणं जवळपास अशक्य असतं. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. स्वच्छ, धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड हाच आपला जुना रुमाल आजही उत्तम. सरस्वती महालात वेखंड, काळं जिरं, मिरी, कापूर यांसारख्या पदार्थांच्या पुरचुंड्या ठेवण्याची परंपरा आहे. घरी त्या ठेवायच्या तर कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पूड कागदांवर टाकू नका. आणि खरी राखण म्हणजे दर काही महिन्यांनी कपाट उघडून बघणं. कसरीचं बारीक पीठ कापडावर दिसलं तर ते गाठोडं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा.

तंजावरकडच्या घरांत कागदांबरोबर बऱ्याचदा ताडपत्रांची एखादी जुडीही निघते. तिची पानं कोरी दिसतात म्हणून ती टाकून दिल्याचं मी दोन घरांत ऐकलं आहे. ताडपत्रावर लोखंडी कंटकाने अक्षरं कोरतात आणि मग त्यांत काजळ भरतात. ते काजळ उडालं किंवा भरलंच नव्हतं, तर पान कोरं भासतं. पान आडवं धरून बाजूने टॉर्चचा उजेड टाका, कोरीव रेघांच्या सावल्या दिसू लागतील. काजळ भरण्याचं काम स्वतः करू नका, ते जाणकाराकडून करून घ्या. जुडीतली दोरी जीर्ण असेल तर ओढू नका, भोकं फाटतात. आणि लिपी वाचता आली नाही तर ती मोडीच असेल असं समजून मोडीवाल्याकडे पाठवू नका. त्या पानांवर बहुधा ग्रंथ (दक्षिणेत संस्कृत लिहायची लिपी), तेलुगू किंवा तमिळ लिपी असते. माझ्याकडे अशी जुडी आली की मी ती जशीच्या तशी परत बांधते आणि तंजावरला ग्रंथ लिपी वाचणाऱ्याकडे पाठवते.