जुन्या पिकअपला एलईडी लावलेत? आधी भिंतीवर बघा

बोलेरोसारख्या जुन्या पिकअपच्या हेडलाइटला एच४ (हाय-लो दोन्ही एकाच बल्बात) एलईडी बल्ब लावला की उजेड भरपूर पडतो, पण तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. बऱ्याचदा दोष बल्बचा नसतो, बसवण्याचा असतो.

१. बल्बच्या चिप (उजेड देणारे छोटे तुकडे) डाव्या-उजव्या बाजूला आल्या पाहिजेत, आतली छोटी वाटी खाली. कॉलर (बल्बभोवतीची कडी) फिरवता येत असेल तर आधी हे जुळवून घ्या; तिरपा बसलेला बल्ब स्क्रूने सरळ होत नाही.

२. टायरची हवा बघा. गाडीत रोजचा माल भरा. मागचे पाटे (स्प्रिंग) दबले की नाक वर उठतं, म्हणून रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग भरल्यावर चुकतं.

३. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर चिकटपट्टी लावा, तिच्याखाली दोन-तीन इंचांवर दुसरी.

४. डिपर (लो बीम) लावा, एक दिवा फडक्याने झाका. हेडलाइटच्या मागच्या स्क्रूने उजेडाची वरची कड खालच्या पट्टीवर आणा. डावीकडे ती थोडी वर चढते, ते बरोबरच आहे. मग दुसरा दिवा.

कड धूसरच दिसत असेल तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरला मानवत नाही. हॅलोजनच परत लावा. आणि हेडलाइटच्या मागचं रबरी बूट (झाकण) बल्बच्या पंख्यावर ताणून बसवू नका, बल्ब तापून लवकर जातो.